‘मी कोण’ हे माणसाला कळतं कसं?

बरंचसं लोकांच्या नजरेतून. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये याला आरशाची उपमा दिली. मी इतरांना कसा दिसतो, ते मला काय समजत असतील, याची आपण कल्पना करतो आणि त्यावरून अभिमान किंवा लाज वाटते. गंमत म्हणजे ती कल्पना साफ चुकीचीही असू शकते.

अमेरिकी विचारवंत जॉर्ज मीड यांनी हेच मुलांच्या खेळांवरून सांगितलं: मूल आधी एकेकाची भूमिका करतं, मग सगळ्यांचे नियम एकदम ध्यानात ठेवतं, आणि असंच स्वतःकडे इतरांच्या नजरेतून पाहायला शिकतं.

आमच्या फोंड्याकडे जत्रेच्या नाटकात मी आठवीत शिपाई झालो होतो. वाक्य एकच, तेही विसरलो. पुढे वर्षभर गाव मला ‘शिपाई’च म्हणायचं, आणि मी चालायलाही लागलो तसाच, छाती काढून!