आयडिया सुचत नाही, की प्रश्न चुकतोय?

पत्र : सर, मी रावेर तालुक्यातली, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी केळीची बाग आहे. मला स्वतःचा टेक्नॉलॉजीचा व्यवसाय करायचाय, पण जे सुचतं ते आधीच बाजारात असतं. केळीच्या भावाचं ॲप, मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारं यंत्र, सगळं झालेलं आहे. पप्पा म्हणतात, आधी नोकरी बघ. कोणती आयडिया चालेल, सांगाल का?

उत्तर : तुझी आयडिया मी इथे बसून ठरवली तर ती माझी होईल, आणि पहिल्या अडचणीला तू ती सोडून देशील. त्यापेक्षा ती कशी शोधायची ते सांगतो.

जी गोष्ट तुला अडचण वाटते, तिथूनच सुरू करू. मोबाईलवरून मोटार चालवणारं ते यंत्र, म्हणजे मोबाईल स्टार्टर, बाजारात आहे, याचा अर्थ या कामासाठी शेतकरी खिशात हात घालतो. निम्मी शंका इथेच फिटली. आता विचार, तो बसवूनही मोटारी का जळतात? ‘नवीन काय करू?’ म्हटलं की डोकं रिकामं राहतं. ‘हे कुठे फसतं?’ म्हटलं की शेजारच्या मळ्यातही उत्तर सापडतं.

ठिबकचं तंत्र इस्रायलमधलं. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने ते आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेलं आणि त्यावर मोठा उद्योग उभा राहिला. सगळ्यात आधी सुचणं ही धंद्याची अट कधीच नव्हती.

सावदा, फैजपूर, रावेर, कुठेही मोटार भरणाऱ्याच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देणाऱ्याच्या, दुकानात एक दुपार बस. जाणता कारागीर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, बघून कारण सांगतो. या मोटारींना वीज तीन फेजने, म्हणजे तीन तारांनी, येते. स्टार जोडणीच्या (तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र जोडलेल्या) मोटारीत दोन फेजची गुंडाळी काळी आणि तिसरी जशीच्या तशी असेल, तर एक फेज गेलेला असताना ती चालत राहिली. तिन्ही सारख्याच काळवंडल्या असतील, तर जास्तीचा भार, कमी व्होल्टेज किंवा थंड व्हायला पाणीच न मिळणं. प्रत्येक मोटारीचं वहीत लिहून घे : किती एचपी, किती फूट खोल पाण्यात होती, कशाने जळली, वर काढायला आणि भरायला किती गेले, बागेचं पाणी किती दिवस तुटलं. अशा वीस मोटारी लिहिल्यास की कोणतं कारण वारंवार येतं ते दिसेल. तुझा धंदा त्या कारणापाशी आहे.

मग शेतकऱ्यांकडे जा, निदान पंधरा जणांकडे, आणि त्यात नातेवाईक नकोत. ‘असं यंत्र केलं तर घ्याल का?’ हे मात्र विचारू नकोस. पोरीचं मन कशाला मोडायचं म्हणून सगळे हो म्हणतील, आणि त्या होकारावर वर्ष वाया जाईल. घडून गेलेलं विचार. मागच्या वेळी मोटार जळली तेव्हा कळलं कसं? आधी कुणाला फोन केला? नंतर ते टाळायला काही विकत घेतलं का? नसेल घेतलं, तर का? शेवटच्या प्रश्नावर थांब, समोरच्याला बोलू दे. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरव. पुढे जाहिरात लिहिताना तेच कामी येतील.

कल्पनाशक्तीची पाळी यानंतर येते. हाताशी माहिती नसताना कल्पना लढवली की दहापैकी नऊ जण एकाच ॲपवर येऊन थांबतात. चार जण बसा आणि पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने गप्प राहून लिहायचं, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याच्यामागे बाकीचे जातात. उत्तरं नकोत, फक्त ‘समजा’ने सुरू होणारे प्रश्न लिहा. समजा, मळ्यात नेटवर्कच नाही? समजा, सिमचं रिचार्ज संपलं? समजा, मोटार जळण्याच्या आठवडाभर आधी इशारा मिळाला? समजा, पैसे शेतकऱ्याने न देता मोटार भरणाऱ्याने दिले, कारण त्याला गॅरंटी देता येईल? शेवटच्या प्रश्नात गिऱ्हाईकच बदललं, बघ. असे प्रश्न सहसा विसाव्याच्या पुढे येतात, म्हणून लवकर उठू नका.

हाच डाव दुसऱ्या पिकावरही खेळता येतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत कापसाचा ओलावा ८ ते १२ टक्क्यांत लागतो, त्यावर गेला तर माल नाकारतात. घरून गाडी भरण्याआधीच तो कळला तर? नंदुरबारला उघड्यावर मिरची वाळत असताना पाऊस आला तर? पण सुरुवातीला एकच धर.

मोटार धरलीस तर पहिला नमुना साधा ठेव : ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा, स्वस्त संगणक), तारेला बाहेरून चिमटा लागणारा करंट सेन्सर म्हणजे सीटी, आणि सिम घालून मेसेज पाठवणारं एक जीएसएम मॉड्यूल. पंप कोरडा चालला की करंट कमी होतो, एक फेज गेला की उरलेल्या दोन्हींत वाढतो. इतकं ओळखलं तरी पहिल्या चाचणीला पुरे. चुका इथे होतात. चिमटा तिन्ही तारांभोवती लावला तर बेरीज शून्याजवळ येते. तो एकेका तारेलाच हवा. पाच एचपीची मोटार साधारण ७-८ अँपिअर घेते, तिला १०० अँपिअरचा सीटी लावला तर सिग्नल अगदी क्षीण मिळतो, म्हणून ३० अँपिअरचा घे. सीटीचा सिग्नल शून्याच्या वर-खाली हलतो आणि बोर्डाला ऋण व्होल्टेज वाचता येत नाही, त्यामुळे सिग्नलचा मध्य शून्यावरून १.६५ व्होल्टवर उचलावा लागतो. आणि स्टार्टरची पेटी स्वतः उघडायची नाही. आत ४१५ व्होल्ट असतात. चिमटा परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घे.

यंत्र पूर्ण होण्याआधी पाच शेतकऱ्यांकडून पाचशे-पाचशे रुपये आगाऊ माग, जमलं नाही तर परत करायच्या बोलीवर. कौतुक फुकट मिळतं, पाचशे रुपये मिळत नाहीत. कुणीच दिले नाहीत, तर वही पुन्हा उघड.

कॉलेजच्या स्पर्धेत पोस्टर लावण्याआधी एक काळजी घे. रचना खरोखर नवी असेल तर आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज कर; पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. आधी जाहीर केलं तर नवेपणाचा दावा अडचणीत येतो. नुसत्या सॉफ्टवेअरला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, हेही लक्षात असू दे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची घाई नको. एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट आणि विवरणपत्रं भरावीच लागतात.

पप्पांचं म्हणणं मोडू नकोस. कॅम्पस मुलाखती दे आणि हेच काम शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून घे. त्यांच्याकडे एकच गोष्ट माग : घरची एक मोटार, एप्रिल-मे या दोन महिन्यांसाठी. विहिरींचं पाणी तेव्हाच खाली जातं आणि कोरडं चालण्याची खरी परीक्षा तेव्हाच होते. तो हंगाम हुकला तर पुढचा वर्षाने येतो. म्हणून वहीचं काम दिवाळीपर्यंत आणि नमुना फेब्रुवारीअखेर तयार हवा.