सहा वर्षांच्या मुलाला रोबोटिक्सला घालू का?

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. म्हापशाला रोबोटिक्स-कोडिंगचा क्लास आहे, वर्षाचे 28,000, शनिवारपर्यंत भरले तर सवलत, आणि तिथले सर म्हणाले आत्ता नाही घातलं तर मागे पडेल. शेजारची दोन मुलं जातात, मग आपणच चुकतोय का असं त्यांना वाटतंय.

ताई, आधी ते मागे पडायचं डोक्यातून काढा बघू. आपल्याकडे गोव्यात सरकारी आणि अनुदानित शाळांत केअर्स योजनेखाली कोडिंग-रोबोटिक्स शिकवतात ते सहावी ते आठवीला, 2020 च्या शैक्षणिक धोरणातही कोडिंग सहावीपासूनच धरलंय, म्हणजे तुमच्याकडे पाच वर्षं आहेत.

तोवर काहीच नको असंही नाही. टॅबलेट असेल घरात तर स्क्रॅच ज्युनियर नावाचं कोडिंगचं ॲप घालून द्या, फुकट आहे, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच बनवलंय, वाचता येत नसलं तरी चालतं कारण ठोकळ्यांवर चित्रं असतात, ठोकळे एकापुढे एक जोडले की मांजर चालतं, उडी मारतं. आठ वर्षांचा झाला की मोठं स्क्रॅच, तेही फुकटच. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि तुम्ही बाजूला बसा पण बोट लावू नका.

हे बोट न लावणं का म्हणते ते सांगते. मागे एका क्लासचा डेमो बघायला गेले होते, एवढुश्या मुलीने गाडी जोडली, बटण दाबलं तर गाडी पुढे जायची ती मागे गेली. मोटरच्या दोन वायरी उलट लागल्या होत्या, बाकी काही नाही. ती वाकून बघायला लागली तेवढ्यात सरांनी गाडी उचलली, वायरी बदलल्या, "झालं बघ" म्हणून परत ठेवली. गाडी पुढे गेली, आईने व्हिडिओ काढला, आणि ती मुलगी खिडकीबाहेर बघत बसली. मला फार वाईट वाटलं हो, कारण त्या दिवशी शिकण्यासारखं जे होतं ते त्या दोन वायरींतच होतं. म्हणून कुठलाही क्लास बघताना तासभर मागे बसायची परवानगी मागा, आणि बिघडलं की हात कोणाचा पुढे येतो तेवढंच बघा. बसू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं.

आणि एक, दिवाळीच्या आधी वाड्यावरची मुलं नरकासुराचे पुतळे करतात ना, तिथे त्याला संध्याकाळी घेऊन जा. हल्ली हात हलणारे करतात, मी बघितला त्यात आत मोटर बसवली होती. त्याला विचारा, मोटर तर गोल गोल फिरते, मग हात वर-खाली कसा होतो रे? उत्तर तुम्ही सांगू नका, त्याला आत वाकून तो दांडा शोधू दे, त्या मुलांनाच विचारू दे, ती मोठ्या हौसेने दाखवतात.

नववर्षाच्या सुमारास तो स्वतःहून मोटर, बॅटरी मागायला लागला तर मला परत लिहा, तेव्हा क्लासचा विचार करू. शनिवारची सवलत जाऊ दे.