अमेरिकेतील ‘अल्फा फाय अल्फा’ ही फ्रॅटर्निटी (महाविद्यालयीन तरुणांची बंधुत्वाची संघटना) कशी सुरू झाली आणि तिच्या परंपरा कोणत्या?

‘अल्फा फाय अल्फा’ची स्थापना ४ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी केली. तेथील गोऱ्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटींची दारे त्यांना बंद होती आणि वर्णभेदाच्या वातावरणात एकाकी पडलेल्या या तरुणांना परस्परांच्या आधाराची गरज होती. त्यामुळे आधी अभ्यासमंडळ म्हणून जमणाऱ्या या गटाने पुढे बंधुत्वाच्या संघटनेचे रूप घेतले. संस्थापकांना आजही ‘सात रत्ने’ म्हटले जाते, हा शब्दप्रयोग आपल्या नवरत्नांची आठवण करून देणारा आहे. काळा आणि जुन्या सोन्याचा रंग ही संघटनेची ओळख आहे. पाय आपटत व टाळ्या वाजवत एका तालात केले जाणारे ‘स्टेपिंग’ ही तिच्यासह सर्वच कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटींची लोकप्रिय परंपरा असली, तरी माझ्या मते तिचे खरे बळ वेगळे आहे: पदवीनंतरही सदस्यत्व संपत नाही आणि माजी विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र शाखा समाजकार्य करत राहतात. मार्टिन ल्यूथर किंग आणि न्यायमूर्ती थरगुड मार्शल हे दोघेही तिचे सदस्य होते. वॉशिंग्टनमध्ये २०११ साली खुले झालेले किंग यांचे स्मारकही याच संघटनेच्या पुढाकारातून उभे राहिले.