यादी एकच, तबकही सगळ्यांचं

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या गुणगौरवात आधी मुलांची यादी वाचतात, मग मुलींची. तबक धरायला मात्र मुलीच. काय बदलावं?

उत्तर : यादी एकच करा, गुणांच्या उतरत्या क्रमाने, गुण समान असतील तर अकारविल्हे. वेगळ्या याद्यांत खरा क्रम झाकला जातो. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९० साली फिलिपा फॉसेट सीनिअर रँग्लरच्याही, म्हणजे पहिल्या आलेल्या पुरुषाच्याही, वर होत्या, पण तो किताब पुरुषालाच मिळाला. (रँग्लर परांजप्यांनी १८९९ मध्ये मिळवला, तोच हा मान.)

तबकासाठी दोन मुलगे, दोन मुली नेमा. बक्षीस असलेल्यांना हे काम देऊ नका, नाव पुकारताच त्यांची धांदल उडते. निवेदकाच्या कार्डावर प्रत्येकाचं फक्त नाव, विषय, गुण. ‘घरकाम सांभाळून’ ही पुस्ती मुलींनाच जोडतात; ती आधीच खोडा.