सेउता आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असूनही स्पेनकडे कसं? मोरोक्कोचा दावा योग्य आहे का?

सेउता स्पेनने मोरोक्कोकडून जिंकलेलं नाही. 1415 च्या ऑगस्टमध्ये ते पोर्तुगालच्या पहिल्या जुआंवने घेतलं. 1580 मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली. 1640 मध्ये पोर्तुगाल वेगळा झाला, पण सेउता स्पेनच्याच बाजूने राहिलं आणि 1668 च्या लिस्बन तहात पोर्तुगालने ते रीतसर सोडलं. शहराच्या झेंड्यावर आजही लिस्बनच्या झेंड्यासारखे काळे-पांढरे त्रिकोणी भाग आणि मधोमध पोर्तुगालच्या राजचिन्हासारखी ढाल आहे.

स्पेन म्हणतो, आजचा मोरोक्को 1956 साली स्वतंत्र झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून हे शहर आमचं आहे. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. तिथे सुलतानांची राज्यं होतीच, आणि मोरोक्कोचा सुलतान मौले इस्माईलने 1694 पासून या शहराला घातलेला वेढा 1727 मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत चालला. हक्क कुणी गुपचूप सोडला नव्हता.

तरी ‘वसाहत आहे, परत द्या’ इतकंही ते सोपं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या (म्हणजे अजून स्वतःचा कारभार न मिळालेल्या, वसाहतीसारख्या प्रदेशांच्या) यादीत सेउता नाही, आणि तिथले लोक स्पेनच्या संसदेसाठी मतदान करतात. गोव्याला पोर्तुगालने 1951 मध्ये ‘सागरपार प्रांत’ म्हटलं, ते मात्र कागदी नामांतर होतं. म्हणून गोव्याचा दाखला इथे जसाच्या तसा लावू नये. माझ्या मते इतिहासाच्या निकषावर मोरोक्कोचा दावा दमदार आहे, पण तिथल्या रहिवाशांना विचारल्याशिवाय त्यांचं शहर कुणाच्या हवाली करणं अन्यायाचं ठरेल.