वाचनाची वही सुरू करताना

पहिल्याच वर्षी ५० पुस्तकांचा पण करू नका, रोजची पानं ठरवा. रोज २० पानं म्हणजे २४० पानांची कादंबरी १२ दिवसांत हातावेगळी. पुस्तकांच्या आकड्यामागे लागलं की माणूस बारकी पुस्तकं शोधत बसतो आणि जाडजूड ग्रंथ कपाटात धूळ खातात.

नव्या पुस्तकावर मत द्यायचं असेल तर वाचतानाच शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने टिपा: 'पान ८७, संवाद कृत्रिम'. (वाचनालयाची प्रत असेल तर चिठ्ठीवर, हं!) या टिपा नसल्या की मत 'छान आहे, जरूर वाचा'वरच अडकतं. मलपृष्ठावरचा मजकूर तर उतरवूच नका, तो पुस्तक खपवायलाच लिहिलेला असतो. अर्धवट सोडलं असेल तर कितव्या पानावर आणि का, तेही लिहा.