तळ्यातल्या दिव्यांआधी तो ‘एफडी’चा कागद पाहा

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणारे 62 वर्षांचे एक निवृत्त वाचक विचारतात, की बागेतील कमळतळ्याच्या दिव्यांसाठी 1 लाख 10 हजारांचे कोटेशन आले आहे आणि बँकेतल्या ‘एफडी’चा बोनस पुढच्या वर्षीपासून मिळणारच आहे, तर तोवर पर्सनल लोन काढावे का?

लोन काढू नका. कोटेशनमध्ये पाण्याखाली 230 व्होल्टचे दहा रंगीत दिवे आहेत. ज्या तळ्यात नातवंडे हात घालतात तिथे ते नकोतच. 12 व्होल्टचे, आयपी 68 दर्जाचे (म्हणजे पाण्यात बुडूनही टिकणारे) चार पिवळसर दिवे, पाण्यापासून दूर कोरड्या जागी ट्रान्सफॉर्मर आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) एवढे पुरेसे आहे. झोत काठच्या दगडांवर तिरपा पडू द्या, तळे खोल भासते. माशांना रात्री अंधार लागतो, म्हणून दहा वाजता टायमरने दिवे बंद होऊ द्या. माझ्या अंदाजाने हे 30 हजारांत बसेल, आणि तेवढे पेन्शनमधून भागते.

मला काळजी आहे ती त्या ‘एफडी’ची. आपण पाठवलेल्या फोटोत ‘प्रीमियम भरण्याचा कालावधी : 10 वर्षे’ असे स्पष्ट छापलेले आहे. ही ठेव नाही, विमा पॉलिसी आहे. वर्षाला 3 लाख भरायचे, आणि आपली पेन्शन वर्षाला 5 लाख. मग घर कशावर चालणार? 30 लाख भरून पंधराव्या वर्षी, म्हणजे आपल्या सत्याहत्तरीत, 48 लाख मिळणार. हा परतावा जेमतेम साडेचार टक्के पडतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के व्याज दर तिमाहीला हातात येते. शिवाय अशा पॉलिसीचा बोनस दरवर्षी जाहीर झाला तरी खात्यात येत नाही, तो मुदतीअखेर किंवा मृत्यूनंतर मिळतो. निवृत्त माणसाला ‘एफडीसारखेच आहे’ म्हणून दहा वर्षांच्या हप्त्यांत अडकवणे ही सरळ फसवणूक आहे.

बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हाती येऊन 14 दिवस झाल्याचे आपण लिहिले आहे. फ्री-लूकची, म्हणजे न पटलेली पॉलिसी परत करण्याची, मुदत बाँड मिळाल्यापासून 30 दिवसांची असते. त्या मुदतीत पॉलिसी रद्द केल्यास मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा खर्च वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. अर्ज बँकेतल्या त्या अधिकाऱ्याकडे देऊ नका, कारण तो ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणेल आणि मुदत निघून जाईल. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन द्या, ई-मेलही करा आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या. कंपनीने नकार दिला तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. इलेक्ट्रिशियनला पुढच्या महिन्यात बोलवा. हा अर्ज उद्याच द्या.